पंधराशेच्या खाली काही नाही

पुर्सात
२० मार्च २०१७

थावीताई,

फोनच करणार होते. पण तू फोन घेतलास की भाऊजी तो स्पीकरवर टाकून खांबांवरच्या तुमच्या घराखालच्या माचावर ठेवतात. मग मी बहिणीशी बोलतच नाही, अख्ख्या फूम थ्नाओत गावाशी बोलते. मागच्या वेळी माझं लग्न का जमत नाही यावर सिममावशीनं मधूनच उत्तर दिलं होतं. म्हणून आता पत्र. पोव टॅक्सीवाला दर रविवारी इथून नॉम पेन्हमार्गे तुमच्याकडे कंपोंग स्पूला जातो. उत्तर त्याच्याच हाती दे. त्याला नीरा दिलीस तर सकाळचीच दे, दुपारची आंबलेली नको. त्याला गाडी चालवायची असते.

बातमी अशी की राष्ट्रीय बँकेनं हुकूम काढलाय. एक एप्रिलपासून छोटं कर्ज देणाऱ्या कुठल्याच संस्थेला वर्षाला शेकडा अठराच्या वर व्याज घेता येणार नाही. मी नोकरी करते त्या संस्थेलाही नाही आणि तू जिथून घेतेस त्यांनाही नाही.

तुझं मांडून दाखवते. तू दर डिसेंबरात नीरा आटवायच्या सरपणासाठी तीनशे डॉलर उचलतेस आणि मे महिन्यात गूळ संपला की एकदम फेडतेस. आजवर त्याचं व्याज पन्नास पडत होतं. आता सत्तावीस पडेल. काही न करता तेवीस डॉलर वाचले. मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं की माझी ताई ताडगूळ करते, तिचा किती फायदा होणार बघा. आमचे मॅनेजर नुसते हसले. का हसले ते कळलं नाही.

चंथा


फूम थ्नाओत
२ एप्रिल

चंथा,

पत्र मिळालं. पोवनं सकाळची नीरा घेतली, मग दुपारचीही घेतली. त्याला नाही म्हणायला तूच ये.

तेवीस डॉलर म्हणजे सरपणाची जवळजवळ एक गाडी. चांगलंच आहे. गटात सांगितलं. फल्ली म्हणाली, "मग आता साहेब मोटारसायकलवर येईल का चालत येईल?" आम्ही हसलो. पण खरं सांगू का, त्या पन्नासाबद्दल आमच्यापैकी कुणी कधी रडलं नव्हतं. नऊ वर्षं आम्ही पाच जणी घेतोय. मी, फल्ली, सिममावशी, चेंदा, रोआत. कागद नाही, जामीन नाही, एकीचं थकलं तर चौघींनी भरायचं. एकदाच भरलं, रोआतचा नवरा ताडावरून पडला त्या वर्षी. सरपण ज्या महिन्यात लागतं त्या महिन्यात पैसे येतात आणि गूळ विकला की जातात, एवढंच आम्हाला हवं असतं.

यंदा गूळ बरा झाला. तुझा भाऊजी सारून रोज चोवीस झाडं चढतोय. गुडघा दुखतो म्हणतो आणि चढतो. चार किलो पाठवलाय. तुमच्या मॅनेजरला देऊ नकोस, हसतो म्हणालीस ना.

थावी


फूम थ्नाओत
२५ ऑक्टोबर २०१७

चंथा,

पितरांच्या पंधरवड्याला तू आली नाहीस. आईच्या नावाचा भात मी विहारात दिला, तुझ्या वाटचाही. कामाचं कारण यंदा चाललं, पुढच्या वर्षी चालणार नाही.

लिहायचं कारण वेगळं आहे. काल आम्ही पाच जणी शाखेत गेलो होतो, नेहमीसारखं डिसेंबरचं सांगून ठेवायला. आमचा जुना साहेब नाहीये, नवा पोरगा आहे, गळ्यात टाय. त्यानं आमची नावं काँप्युटरवर बघितली आणि म्हणाला, "मावशी, गटाचं कर्ज बंद झालं."

मी म्हटलं, "नऊ वर्षांत एक दिवस उशीर नाही आमचा."

"दिसतंय मला. रेकॉर्ड एकदम छान आहे."

"मग?"

"तीनशे देत नाही आता. पंधराशेच्या खाली काही नाही. आणि जागेचा कागद लागेल."

सिममावशी म्हणाली, "बाळा, मला पंधराशे डॉलरचं सरपण दिलंस तर मी गाव जाळीन." तो हसला नाही. आमच्या हातात एक रंगीत कागद दिला. त्यावर मोठ्या अक्षरात अठरा टक्के लिहिलंय आणि एक बाई हसतेय.

आम्ही बाहेर येऊन उसाचा रस प्यायलो. तू या धंद्यात आहेस. सांग हे काय आहे.

थावी


पुर्सात
२ नोव्हेंबर २०१७

ताई,

पंधरवड्याचं चुकलं. पुढच्या वर्षी नक्की.

विचारलंस म्हणून सरळ सांगते. तीनशेच्या कर्जालाही साहेबाला पाच-सहा वेळा गावात यावं लागतं, पेट्रोल जातं, अर्धा दिवस जातो, कागद भरावे लागतात. पंधराशेच्या कर्जालाही तेवढंच. तुझ्या पन्नास डॉलरमध्ये हे कसंबसं निघत होतं. सत्तावीसमध्ये निघत नाही. मग संस्था काय करते, तर लहान कर्ज देणंच सोडते. कुणी हुकूम मोडत नाही. अठरा म्हणजे अठराच घेतात. वर "फी" म्हणून शेकडा तीन आधीच कापून घेतात, ती वेगळी.

आमच्याकडेही तेच झालंय. माझ्या वहीत मार्चमध्ये चारशे बारा घरं होती. आज एकशे त्रेसष्ट आहेत. मार्चमध्ये मॅनेजर का हसले ते मला जूनमध्येच कळलं होतं. तुला लिहायला हवं होतं. लिहिलं नाही, कारण आधीच्या पत्रात एवढी मिरवले होते.

आम्ही लोकांना सांगतो ते तुलाही सांगते. पंधराशे घेणार असलीस तर नुसत्या सरपणात घालू नकोस. भट्टीच्या विटांची नवी चुलाण बांध, धुराड्याची. सरपण निम्मं लागतं. मग कर्ज फेडलं जातं. नाहीतर घेऊ नकोस.

चंथा


फूम थ्नाओत
१९ नोव्हेंबर

चंथा,

लाकूडवाला होक दोनदा येऊन गेला. त्याला सगळं आधीच माहीत असतं. म्हणतो, "बँकेनं सोडलं म्हणून काय झालं, मी आहे ना." सरपण उधार देतो, पैसे नकोत, गूळ द्या. बाजारात मी चार हजार रियाल, म्हणजे एक डॉलर किलोनं विकते. तो दोन हजारानं धरणार. म्हणजे तीनशेच्या सरपणाला सहाशेचा गूळ. आणि हे अठरा टक्क्यांत बसतं का, असं विचारलं तर म्हणतो, "मी कुठे व्याज घेतो?" खरंच आहे. घेत नाही.

तेव्हा ठरवलंय. पंधराशे घेते आणि तू म्हणतेस तशी धुराड्याची चुलाण बांधते. आईच्या जागेचा कागद द्यावा लागेल. घर आणि मागचे सात ताड. त्या कागदावर तुझंही नाव आहे, म्हणून तुझा अंगठा लागतो, शाखेत येऊन. आठ डिसेंबरला शुक्रवार आहे. सुट्टी काढ. अननस घालून आंबट माशाची कढी करते.

थावी


पुर्सात
१२ डिसेंबर २०१७

ताई,

काल रात्री पोचले. कढी टॅक्सीत सांडली नाही.

आम्ही कर्ज देताना एक फॉर्म भरतो. तुमच्या टायवाल्याकडेही तोच होता, फक्त वर नाव वेगळं. मला तो पाठ आहे. शुक्रवारी तो वाचत होता आणि मी मनातल्या मनात त्याच्या आधी वाचत होते. तू काय उत्तरं दिलीस ते इथे लिहून ठेवते.

घरात माणसं किती? दोन.
कमाई कशाची? ताडगूळ, थोडा भात.
कमाईचे महिने? जानेवारी ते मे.
हप्ते किती? बारा.

इथे त्यानं थांबायला हवं होतं. कमाई पाच महिने आणि हप्ते बारा, हे दोन्ही आकडे त्यानं एकाखाली एक लिहिले आणि पुढे गेला. मीही रोज असंच पुढे जाते.

पैसा कशासाठी? चुलाण.
हा पैसा तुमच्याशिवाय आणखी कुणी वापरणार आहे का?

या प्रश्नाला तो तुझ्याकडे बघत होता आणि तू पंख्याकडे. मग म्हणालीस, नाही.

ताई, शाखेच्या समोर आंब्याच्या झाडाखाली फल्ली, चेंदा, रोआत आणि सिममावशी बसल्या होत्या. मी दिसल्यावर चेंदा वर झाडाकडे बघायला लागली, जसं काही डिसेंबरात आंबे लागणार होते.

मी काही विचारत नाही. विचारलं तर तू सांगशील, आणि एकदा मला कळलं म्हणजे ते लपवण्यात मीही आले. आमच्या धंद्यात अशा कर्जाला नाव आहे आणि असं कर्ज दिसलं की ते लगेच परत मागायचं असा नियम आहे. मी दिवसाला आठ-दहा जणींचे अंगठे घेते. शाई पुसायला कागद देते आणि पुढचीला बोलावते. स्वतःचा पहिल्यांदाच दिला.

हप्ता एकशे साडेसदतीस आहे. दर महिन्याच्या आठ तारखेला. पावसाळ्यातही.

चंथा


फूम थ्नाओत
३ फेब्रुवारी २०१८

चंथा,

हंगाम चांगला आहे. थंडी पडली त्यामुळे नीरा आंबत नाही. चुलाण छान जळतेय. हप्ते वेळेवर जातात. सारूनचा गुडघा तसाच. पाच किलो पाठवलाय, त्यातला एक चेंदाकडचा आहे, तिचा रंग जरा काळा येतो, काहील घासत नाही नीट. खा आणि सांग.

थावी


पुर्सात
१७ सप्टेंबर २०१८

ताई,

आज ऑफिसात एका बाईची जुनी कर्जं तपासत होते. सगळ्या संस्थांची माहिती एकाच ठिकाणी दिसते, तुला माहीत नसेल. तिचं झाल्यावर मी आपलं नाव घातलं. घालायला परवानगी नाही, तरी घातलं.

आठ सप्टेंबरचा हप्ता आलेला नाही. नऊ दिवस झाले. तीस दिवस झाले की साहेब गावच्या प्रमुखाला घेऊन येतो. साठ झाले की "स्वतःहून जागा विकता का" असं विचारतात. आवाज न चढवता विचारतात. मी तसं चार घरी विचारलंय. चारही घरांनी विकली.

त्या कागदावर माझंही नाव आहे म्हणून विचारतेय. चुलाणीचं सांगू नकोस. खरं सांग.

चंथा


फूम थ्नाओत
२३ सप्टेंबर

चंथा,

चुलाण बांधली नाही. तुला डिसेंबरातच कळलं होतं, तरी लिहून टाकते म्हणजे माझं सुटतं.

पंधराशेचे फी कापून चौदाशे पंचावन्न हातात आले. पाच जणींनी वाटले, दोनशे एक्याण्णव प्रत्येकी. जागेचा पक्का कागद फक्त माझ्याकडे होता. फल्लीची जागा सासऱ्याच्या नावावर, सिममावशीची कुणाच्याच नाही. तेव्हा आमच्या डोक्यात एवढंच आलं की पाच वेळा तीनशे म्हणजे पंधराशे होतात. कुणालातरी दिसलं असतं तर बरं झालं असतं की आधी पाच जणी एकमेकींना जामीन होत्या, आता आईची जागा एकटी पाचही जणींना जामीन झाली. मला दिसलं होतं. पण होक खाली माचावर बसला होता आणि सरपणाची गाडी त्यानं उभीच ठेवली होती.

महिन्याला प्रत्येकीला साडेसत्तावीस. मेपर्यंत कसलीच अडचण नव्हती. गूळ होता. जून लागला आणि नीरा थांबली. पूर्वी जूनमध्ये आम्ही मोकळ्या असायचो. यंदा हप्ता चालूच. भाताची लावणी करायची का साडेसत्तावीस शोधायचे?

फल्लीनं जूनचा दिला आणि महिन्याच्या शेवटी नवऱ्याबरोबर थायलंडला गेली, इमारतीच्या कामावर. पळाली नाही. आदल्या दिवशी आली, काहील डोक्यावर घेऊन. म्हणाली, "ताई, हिचे येतील ते दोन महिन्यांचे धर. पुढचं पाठवते." काहील पंचावन्नाला गेली. बरोबर दोन महिने झाले. पुढचं अजून आलेलं नाही. तिचा फोन लागतो, ती उचलते, रडते, मग मीच ठेवते.

सारून बांधकामावर गेलाय, नॉम पेन्हला. गुडघ्याला म्हणे तिथे शिड्या सोप्या जातात, ताडापेक्षा.

बाकीच्या तिघींना म्हटलं, चंथाला सगळं सांगायचंच आहे तर आपापलं सांगा. कागद फिरवतेय.

मी रोआत. माझे सप्टेंबरचे तयार आहेत. माझ्यामुळे उशीर नाही. तेवढं लक्षात ठेव.

चंथा, मी सिम. मला लिहिता येत नाही, चेंदा लिहितेय. ती लिहिताना बदल करते हे मला माहीत आहे. मी कानातलं विकलंय. ते तसंही एकच उरलं होतं. तुझ्या लग्नाचं मी बोलले होते ते मागे घेते.

मी चेंदा. मी काही बदललेलं नाही. माझे दहा डॉलर कमी आहेत आणि फल्लीचे सगळे कमी आहेत. आंब्याच्या झाडाकडे मी उगीच बघितलं नव्हतं. मला तुझ्याकडे बघवत नव्हतं.

मी परत थावी. उरलेत चार हप्ते. जागा विकणार नाही. कसं ते विचारू नकोस.

थावी


पुर्सात
३० सप्टेंबर २०१८

ताई,

पोवकडे पाकीट दिलंय. त्यात एकशे वीस आहेत. एकशे दहा म्हणजे फल्लीचे चार हप्ते, सप्टेंबर ते डिसेंबर. दहा चेंदाचे. फल्लीनं नंतर दिले तर तुम्ही ठेवा.

दया म्हणून देत नाहीये. इथे एक बाई आहे, पहाटे शेवया आणि माशाची आमटी विकते, पुलाजवळ. मागच्या वर्षी जुलैत माझ्याकडे दोनशे मागायला आली होती, मोडकी हातगाडी बदलायला. मी तिला पंधराशे लिहून दिले. म्हटलं, आता व्याज कमी आहे, घ्या. उरलेल्या पैशांतून हप्ते भरता येतील. माझा महिन्याचा आकडा भरायचा होता. तिनं खरंच तसंच केलं, कर्जातूनच कर्जाचे हप्ते भरले, आणि मार्चमध्ये पैसे संपले. मी म्हटलं होतं ना, चार घरं. तिसरं तिचं. हल्ली मी पुलावरून जात नाही, लांबून जाते.

तुला चुलाण बांध म्हणून सांगितलं ते याच पाठांतरातलं होतं. मी स्वतः ती चुलाण कधी बघितलेलीही नाही. रंगीत कागदावर चित्र आहे फक्त.

पितरांच्या पंधरवड्याला येतेय, सात तारखेला. यंदा खरंच.

चंथा


फूम थ्नाओत
२० डिसेंबर २०१८

चंथा,

आठ तारखेला शेवटचा हप्ता भरला आणि कागद परत आणला. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आईच्या फोटोमागे ठेवलाय. माझ्या वाटचे शेवटचे दोन हप्ते कसे भरणार ते पंधरवड्याला तू विचारलंस आणि मी आमटीत मीठ बघायला उठले. होककडून भरले. शंभर किलो गूळ त्याला द्यायचा आहे, दोन हजारानं. तेवढं सोसेल.

आता पुढचं ऐक आणि नीट विचार कर.

कागद देताना टायवाला उभा राहिला. उभा, खरंच. म्हणाला, "मावशी, तुम्ही आमच्या चांगल्या ग्राहक झालात. यंदा अडीच हजार मिळतील." मी म्हटलं, "दीडशे मिळतील का?" तो म्हणाला, "मस्करी करता."

मस्करी नव्हती. आम्ही चौघी आता शिकलोय. सगळं सरपण एकदम नको, निम्मं आधी, निम्मं फेब्रुवारीत गुळाच्या पैशातून. दीडशे प्रत्येकी पुरतात. सहाशे. जगात आम्हाला सहाशे डॉलर देणारं कुणी नाही. अडीच हजार देणारे आहेत, आणि होक आहे. पाच जानेवारीच्या आत सरपण पडलं नाही तर हंगाम गेला. चेंदा म्हणते घ्या अडीच हजार, वाटून घेऊ, यंदा पाचवी शोधू. रोआत म्हणते थावीच्या जागेवर परत नको. सिममावशी म्हणते थावी सांगेल ते. म्हणजे सगळं माझ्यावरच आलं.

तू मोटारसायकलसाठी साठवतेस. तुझ्या भाऊजींना तू सांगितलंस, त्यांनी मला सांगितलं. ते तू आम्हाला दे. मे महिन्यात परत घे, गूळ विकल्यावर, एकदम, पूर्वीसारखं. तीनशेला पन्नास पडत होते, म्हणजे सहाशेला शंभर. तेच देऊ.

आता तू म्हणशील बहिणीकडून व्याज कसं घेऊ. घे. नाही घेतलंस तर तो उपकार झाला, आणि उपकार तू एक वर्ष करशील, फार तर दोन. आणि अठरा टक्के पण घेऊ नकोस. चौपन्न डॉलरसाठी तू सहा महिने तुझ्या गाडीशिवाय राहणार, पोवला दर वेळी भाडं देणार, आणि चेंदानं बुडवलं तर गिळणार. तुलाही ते परवडायचं नाही. मग पुढच्या डिसेंबरात तूही मला सांगशील की अमुकच्या खाली काही नाही.

नाही म्हणायचं असेल तर स्पष्ट नाही म्हण, आणि चार जानेवारीला अंगठा द्यायला ये. त्याचाही राग नाही.

थावी


पुर्सात
२७ डिसेंबर २०१८

ताई,

अंगठा द्यायला येणार नाही.

पाचशे ऐंशी आहेत. वीस कमी, कुणाला कमी द्यायचे ते तुम्ही ठरवा. पोवला सांगितलंय की पाकिटात आईचे जुने फोटो आहेत. तो फोटो बघत बसणारा माणूस नाही.

मी दोन रात्री हेच मांडत होते. तू सांगितलेलं व्याज हुकुमाच्या वर जातं. मी संस्थेत नोकरी करते. कळलं तर नोकरी जाईल, आणि मला वाईट वाटणार नाही असंही नाही. आधी वाटलं नाहीच घ्यावं. मग वाटलं अठरा घ्यावं, म्हणजे माझ्या मनाला बरं. पण माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून जे केलं त्याचं काय झालं ते आपण दोघींनी बघितलंय. तेव्हा पूर्वीसारखंच. पाचशे ऐंशीचे सत्त्याण्णव होतात. पंचाण्णव द्या. तेवढी बहीण मी आहे.

फॉर्म नाही, अंगठा नाही, जागेच्या कागदाचं नाव नाही. चौघी एकमेकींना जामीन. माझी अट एकच, कुणाचं थकणार असेल तर मला एप्रिलमध्ये कळवायचं. जूनमध्ये काँप्युटरवर बघायला लावायचं नाही.

आणि एक गोष्ट खरी सांगते, आधीच सांगितलेली बरी. मे महिन्यात पैसे आले नाहीत तर मला तिकडे यावं लागेल. तेव्हा मी बहीण म्हणून येईन का साहेब म्हणून, मला आज खरंच माहीत नाही. लोकांच्या घरी जाऊन जे बोलायचं ते माझ्या तोंडात बसलंय. ते तुमच्यासमोर निघेल अशी भीती वाटते.

चंथा


फूम थ्नाओत
२ जानेवारी २०१९

चंथा,

पाकीट मिळालं. वीस मी कमी घेतले, सारूनचे बांधकामाचे थोडे होते.

सरपण पडलं. होकला रोख दिले. त्यानं दोनदा मोजले आणि विचारलं, कुठल्या संस्थेचे? मी म्हटलं, नवीन आहे, अजून पाटी लावलेली नाही. उद्या पहाटे सारून पहिल्या झाडावर चढतोय. बांधकामावर दोनशे शिड्या चढून आलाय आणि आता ताडाला घाबरतो म्हणतो. चढेल.

सिममावशी विचारत होती की हप्ता किती तारखेला. तिला सांगितलं, मे महिन्यात, गूळ विकल्यावर. तिनं परत विचारलं. परत सांगितलं. मग म्हणाली, म्हणजे पूर्वीसारखं. म्हटलं, हो.

तुझ्या भीतीबद्दल. एवढ्या वर्षांत जेवढे साहेब आले, जुने नवे, टायवाले बिनटायचे, सगळे घराखालच्या माचावर बसले. एकही कधी शिडी चढून वर घरात आला नाही. आम्हीही कधी कुणाला वर बोलावलं नाही. तू मेमध्ये ये, पैसे असोत नसोत. खाली बसतेस का वर येतेस तेवढं मी बघेन. भात मात्र वरच शिजवते.

थावी